मांडवावरचं घोंगडं

लग्नाच्या दिवशी सकाळी हरिदासनं मांडवाकडे पाहिलं आणि त्याचं डोकंच फिरलं. आंब्याच्या झाडाकडच्या कोपऱ्यात, हिरव्यागार डहाळ्यांवर, कुणीतरी काळं घोंगडं वाळत टाकलं होतं. एकुलत्या एका पोरीचं लग्न, चंद्रपूरहून वरात यायची, आणि मांडवावर घोंगडं. हे पाहुण्यांपैकीच कुणाचं तरी काम असणार. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला दुसऱ्याचं घर म्हणजे वाळवणाची दोरी वाटते, असं हरिदासचं जुनं मत होतं. त्यानं स्टूल आणलं, वर चढला आणि लोंबणारं टोक धरून ओढलं.

घोंगडं आलं नाही. हाताला मात्र गरम लागलं. मग घोंगड्यानं एक लांब सुस्कारा सोडला, अंग जरासं हलवलं, आणि पानांतून एक पाय खाली आला. पायाला बोटाएवढी पांढरी नखं होती.

हरिदास स्टुलावरून उतरला असं म्हणता येणार नाही. तो खाली आला एवढंच खरं. तोंड उघडलं होतं, पण आवाज निघाला नाही, आणि त्याच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होतं. हरिदासचा आवाज म्हणजे कोसमझरी गावाची मालमत्ता होती. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, या काठावरून तो बैलाला हाक मारायचा आणि त्या काठावर दुसऱ्याचेच बैल थांबायचे. घरात मीठ मागितलं तरी शेजारणीला वाटायचं, भांडण लागलं. असा माणूस त्या सकाळी अंगणातल्या मातीत बसून नुसता वर बोट दाखवत होता. समोर उभी होती त्याची बायको गिरजाबाई, हातात कणकेची परात घेऊन.

गिरजाबाईनं वर पाहिलं, पाय पाहिला, परात खाली ठेवली. ती ओरडणार तेवढ्यात हरिदासनं उठून तिच्या तोंडावर हात ठेवला. वर अस्वल झोपलं होतं. आंब्याच्या आडव्या जाड फांदीवर पोट टेकून, खाली जांभळीच्या डहाळ्यांची गादी करून, घरचं असल्यासारखं झोपलं होतं.

ते तिथे कसं आलं हे समजायला फार अक्कल लागत नव्हती. त्या भागात लग्नाच्या आदल्या दिवशी बैलबंड्या जंगलात जातात आणि मांडवावर घालायला ओल्या हिरव्या डहाळ्या आणतात. हरिदासच्या घरी हा मान त्याच्या बापाच्या काळापासून वरच्या टोल्यावरच्या, म्हणजे वरल्या वस्तीतल्या, गोंड मंडळींचा. त्यांनी डहाळ्या आणायच्या, हरिदासच्या घरानं त्यांचे पाय धुवून त्यांना जेवू घालायचं. आणलेली डहाळी परत करायची नाही, आणि एकदा मांडवावर चढलेलं पान नवरी घरातून निघेपर्यंत काढायचं नाही, असा रिवाज. यंदा बंड्या घेऊन गेला होता सुकलू, हरिदासचा लहानपणापासूनचा दोस्त. जून लागलेला, जांभळं पिकलेली. सुकलूनं निवडून निवडून फळांनी लगडलेल्या डहाळ्या आणल्या आणि झाडाच्या फांदीला टेकवून मांडव घातला. आता पिकल्या जांभळांचा वास अस्वलाला येणार हे जंगलात जन्म काढलेल्या सुकलूला सुचू नये, याला काय म्हणावं. पहाटे मोत्या कुत्रा जीव तोडून भुंकला होता, तेव्हा साऱ्या घरानं मोत्यालाच शिव्या दिल्या होत्या.

सुकलूला बोलावून आणलं. त्यानं वर पाहिलं, मान डोलावली आणि जरा खूशच झाला.

"मी म्हनलो, पोरंसोरं खातीन," तो म्हणाला.

"खाल्लं ना बाप्पा. पोटभर खाल्लं," हरिदास म्हणाला, आणि हे वाक्य त्याला कुजबुजून बोलावं लागलं, याचं त्याला जास्त दुःख झालं.

आता दुसरा कुणी असता तर त्यानं डबे वाजवले असते, फटाके लावले असते, गाव गोळा केला असता. हरिदासला तसं करता येत नव्हतं, आणि त्याचं कारण म्हणजे नवरदेवाचा बाप वामनराव.

वामनराव चंद्रपुरात सरकारी कचेरीत मोठ्या टेबलावर होते. माणूस शिकलेला, सभांमधून बोलणारा, साध्या लग्नाचा पुरस्कर्ता. पण जंगलाची त्यांना धास्ती. मागे एका ठिकाणी मुलासाठी पोरगी पाहायला गेले असताना मागच्या अंगणात रानडुक्कर दिसलं, तर हे चहाचा कप तसाच ठेवून उठले आणि ती सोयरीक तिथेच संपली. जिथे आपली बायामाणसं पाठवायला भीती वाटते तिथे नातं जोडायचं नाही, असं ते चारचौघांत सांगत. साक्षगंधाच्या दिवशी त्यांनी हरिदासलाही सरळ विचारलं होतं, इथे जनावर येते का. हरिदासनं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की कोसमझरीत बैलाशिवाय जनावर नाही.

आणि पोरगी तर मिलिंदसाठी जीव टाकत होती. कमला गावात बालवाडी चालवायची. वामनरावांचा मिलिंद पोंभुर्ण्याच्या शाळेत मास्तर. महिन्याच्या बैठकीला दोघं भेटायचे, आणि बैठक नसली तरी भेटायचे. हरिदासला हे सगळ्यात शेवटी कळलं, पण कळल्यावर तो मोठ्यानं हसला होता आणि वेशीपर्यंत लोकांना कळलं होतं की हरिदास खूश आहे. आता वामनरावांनी ते काळं घोंगडं पाहिलं की वरात आल्या पावली परत जाणार, आणि कमला खोलीत हळदीच्या अंगानं बसून राहणार.

सुकलूचं म्हणणं पडलं की हाकललं तर ते अंगणातच उतरणार, आणि अंगणात चुली पेटल्या आहेत, बाया बसल्या आहेत. बाहेर जायला एकच गल्ली, आणि तिच्यातूनच वरात यायची. त्यापेक्षा झोपू द्यावं. रात्रभर खाल्लेलं जनावर, सांजेशिवाय हलत नाही. ते हलणार नाही याची त्याला खात्री आहे का, असं हरिदासनं विचारलं. सुकलू म्हणाला, खात्री नाही, पण तसं वाटते.

एवढ्या भरवशावर कोसमझरीतलं ते लग्न लागलं.

घरातल्या चारसहा जाणत्या माणसांना सांगितलं, बाकीच्यांना फक्त गप्प राहायला सांगितलं. भोंगेवाला आला होता. त्याच्या बॅटरीत दोष आहे असं हरिदासनं त्यालाच पटवून दिलं. चुली मागे नेल्या. कमलेला काहीच कळू द्यायचं नाही असं ठरलं. मग एक नवीनच पंचाईत उभी राहिली. अस्वल घोरायला लागलं.

साधंसुधं नाही. मोठ्या लाकडावर आरा चालावा तसा आवाज, मध्येच शिट्टी. सुकलू म्हणाला, ह्या आवाजाखाली कुणीतरी झोपलेलं दिसलं पाहिजे. सगळ्यांच्या नजरा एकाच वेळी दादाजीकडे वळल्या. दादाजी म्हणजे हरिदासचा काका, वय झालेला, नवं धोतर नेसून सकाळपासून मिरवत होता. त्याच्या घोरण्यावरून घरात दोनदा वाटण्या व्हायची वेळ आली होती. पण तो स्वतः आयुष्यात कधी घोरला नव्हता असं त्याचं ठाम म्हणणं.

नातीच्या लग्नात भर दिवसा बाजेवर झोपायला तो तयार होईना. त्याची तब्येत बरी नाही असं हरिदास म्हणाला, तर तो म्हणाला तुझीच नाही. शेवटी गिरजाबाईनं त्याला सांगितलं की पाहुण्यांत घरातला सगळ्यात वडील माणूस आराम करताना दिसला की घराचं वजन वाढते. हे त्याला पटलं. बाज बरोबर अस्वलाखाली टाकली. वर काय आहे ते त्याला सांगितलं नाही. तो रागानं पडला, डोळे मिटले, आणि पाचच मिनिटांत खरंच झोपला. आता मांडवात दोन आरे चालू झाले.

वरात नाल्यापाशी आली तेव्हा हरिदास तिथे आधीच उभा होता. दोन मेटाडोर, आणि पुढच्या मेटाडोरमध्ये चंद्रपूरचा पितळी बँड. बँडमास्तर बिरजू खाली उतरून कपडे झटकत होता. त्याच्याकडे एक ढोल होता, तो दोन माणसांनी उतरवला. हरिदासला तो ढोल पाहून घाम फुटला.

जयभीम झाला, गळाभेट झाली, आणि हरिदासनं आयुष्यातलं पहिलं भाषण केलं, तेही हळू आवाजात. वामनरावांची सगळी भाषणं त्यानं मनावर घेतली आहेत, असं तो म्हणाला. वाजंत्री नको, फटाके नको, डामडौल नको, हे वामनरावच सांगतात ना. म्हणून गावानं ठरवलं आहे की हा मंगल परिणय पूर्ण शांततेत करायचा. एकानंही आवाज चढवायचा नाही. वामनरावांचा विचार या जंगलातल्या गावानं आधी अमलात आणला, हे लोकांना दिसू द्या.

वामनरावांनी बँडकडे पाहिलं. बँड त्यांनीच आणला होता. मग त्यांनी आपल्या सोयऱ्यांकडे पाहिलं, आणि सगळे त्यांच्याकडेच पाहत होते. घसा खाकरून ते म्हणाले की हे आपण कधीपासून सांगत आहोत. बिरजूचा चेहरा एवढासा झाला. ढोल घेऊन तो वरातीच्या मागून असा चालत आला की एखाद्याला वाटावं, त्याच्याच घरात काही बरंवाईट झालं आहे.

मांडवात हरिदासनं वरपक्ष लांबच्या टोकाला बसवला आणि आपली माणसं अस्वलाच्या बाजूला. अगदी खाली, दादाजीच्या बाजेला टेकून, तो स्वतः उभा राहिला. उतरलंच तर आधी आपल्यावर उतरावं, एवढा हिशेब त्यानं केला होता. पांढऱ्या चादरीच्या टेबलावर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, अगरबत्त्या. कमला पांढऱ्या साडीत बाहेर आली तेव्हा हरिदासला क्षणभर अस्वलाचा विसर पडला. बालवाडीतल्या पोरांना गोष्ट सांगताना हसायची तसं ती मिलिंदकडे पाहून हसली. मिलिंदनं मान खाली घातली, पण त्याचे कान लाल झालेले साऱ्यांनी पाहिले.

बौद्धाचार्य लहानूजींना हळू म्हणायची विनंती केली होती. त्यांनी त्रिशरण आणि पंचशील इतकं मऊ आवाजात म्हटलं की म्हाताऱ्या बायांनी डोळे पुसले. शेवटी सगळ्यांनी साधू, साधू, साधू म्हणायचं असतं. हरिदासनं श्वास रोखला. दोनशे माणसांनी ते ओठातल्या ओठात म्हटलं. वरचा आरा थांबला, एक शिट्टी आली, आणि पुन्हा सुरू झाला.

वामनराव हरिदासच्या कानाशी आले.

"तुमचे काका दोन आवाजांत घोरते काय?"

"एक नाकातला, एक तोंडातला," हरिदास म्हणाला.

वामनराव तिथून हलतील असं वाटलं, पण ते तिथेच उभे राहून घोरणं ऐकत राहिले. त्याच वेळी वरच्या घोंगड्यानं कूस बदलली. एक पिकलं जांभूळ सुटलं आणि बिरजूनं आंब्याच्या बुंध्याला टेकवून ठेवलेल्या ढोलावर पडलं. ढम् असा आवाज झाला. सगळ्यांनी बिरजूकडे रागानं पाहिलं. बिरजूनं दोन्ही हात वर केले. दुसरं जांभूळ पडलं ते वामनरावांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर, छातीच्या अगदी मध्ये.

वामनरावांनी डागाकडे पाहिलं. मग वर पाहिलं. हरिदासला वाटलं, संपलं. पण वामनरावांनी खिशातून रुमाल काढला, डाग पुसला, तो जास्तच पसरला, आणि रुमाल परत खिशात ठेवला. पिकलं जांभूळ हाये, असं हरिदास कसंबसं म्हणाला. हो, पिकलं हाये, असं वामनराव म्हणाले. त्यानंतर त्यांना फार बोलताना कुणी ऐकलं नाही. वरातीत आलेल्या आपल्या बहिणीला त्यांनी इथे गरम होते म्हणून मेटाडोरपाशी सावलीत बसवलं, आणि लहानूजींना खुणेनं सांगितलं की उपदेश आटपा. लहानूजींचा उपदेश एवढा छोटा कधीच झाला नव्हता, आणि लोकांना तो फार आवडला.

हार घातले गेले. टाळ्यांऐवजी फुलं टाकली. पंगतीही झाल्या, पत्रावळीवर वरण वाढतानासुद्धा पळीचा आवाज होऊ न देता. हरिदासला वाटायला लागलं, निभावलं. आता फक्त पोरीला गाडीत बसवायचं राहिलं.

आणि तिथेच सगळं अडलं.

कमला निरोप घ्यायला उभी राहिली. गिरजाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता, तिचे खांदे नुसते हलत होते. बाकीच्या बायाही तशाच, कारण त्यांना ताकीद होती. हरिदास झाडाखाली ताठ उभा, ओठ घट्ट मिटलेले. रडू असं वर येत होतं की छाती फुटेल, पण त्याला आपला आवाज माहीत होता. तो एकदा सुटला की वरचं उठणार. आणि अजून वरात अंगणातच होती, मिलिंद होता, पोरगी होती.

कमला त्याच्यापुढे आली आणि थांबली. शेजारच्या घरी लेक निघाली तर हा माणूस रस्त्यात बसून रडायचा. बैल विकला तेव्हा जेवला नव्हता. आज तिच्याकडे लाकडासारखा पाहत होता.

"बाबा," ती म्हणाली, "मी जाऊन राह्यली. तुमाले काईच वाटत नाई काय?"

हरिदासनं मान हलवली, पण तोंड उघडलं नाही. कमलेच्या डोळ्यांतलं पाणी तसंच थांबलं. तिनं पदर सावरला आणि वळली. आपली लेक आपल्यावर रुसून सासरी निघाली आहे, बाप आपल्याला घराबाहेर काढून मोकळा झाला असं वाटून निघाली आहे, हे हरिदासला कळत होतं, आणि या जन्मात एवढं वाईट त्याला कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. वामनराव होते.

"हरिदासभाऊ, रडा मोकळे," ते अगदी हळू म्हणाले. "जांभूळ पडलं तवाच मी वर पाह्यलं."

हरिदास गर्रकन त्यांच्याकडे वळला. "मंग बोलले काऊन नाई?"

"बोललो असतो त वरात परत न्या लागली असती. माया शब्द मले फिरवता येत नाई. आन मिलिंद तिच्याकडे पाहून राह्यला होता." त्यांनी सदऱ्यावरचा जांभळा डाग झाकला. "पोरगी गाडीपाशी गेली. आता हाक मारा तिले."

हरिदासनं हाक मारली.

ती नुसती हाक नव्हती. सकाळपासून दाबलेलं सगळं तिच्यात होतं. "कमले" एवढाच शब्द, पण तो बोडीपलीकडे गेला, आणि मग हरिदास रडायला लागला, जसा तोच रडू शकत होता. कमला धावत परत आली आणि त्याच्या गळ्यात पडली. गिरजाबाईनं तोंडातला बोळा काढून फेकला. मग कुणी कुणाचं ऐकेना. साऱ्या बायांनी दिवसभराचं रडणं एकदम सोडलं.

वरचा आरा थांबला. आंब्याची फांदी करकरली. सुकलू म्हणाला, आलं, हरिदासनं लेकीला बाजूला ओढलं, आणि ते आलं. अर्धा मांडव घेऊन आलं. डहाळ्यांच्या ढिगाऱ्यात बसून त्यानं डोळे चोळावेत तसा पंजा तोंडावरून फिरवला आणि लग्नाला आलेल्या मंडळींकडे पाहिलं. मंडळींनी त्याच्याकडे पाहिलं. मग बिरजूनं, जो दिवसभर हात बांधून बसला होता, घाबरून सगळ्या ताकदीनं ढोलावर टिपरी हाणली. अस्वल दचकून उठलं, मागच्या चुलींच्या बाजूनं वरणाचं गंज, ते मोठं पातेलं, पाडलं, कुंपण मोडून वाट काढली आणि धानाच्या शेतातल्या बांध्या ओलांडून नाल्याकडे निघून गेलं. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

वामनराव कुठे दिसेनात. वर पाहिल्यावर सापडले. ते मेटाडोरच्या टपावर होते. त्या वयाचा माणूस एवढ्या लवकर तिथे कसा पोचला हे कुणालाच सांगता आलं नाही. खाली उतरताना त्यांनी मोठ्या गांभीर्यानं जाहीर केलं की परिणय अत्यंत शांततेत पार पडला. कमला रडत होती आणि हसतही होती, आणि बापाचा हात काही सोडत नव्हती. गाडी सुटली तेव्हा बिरजूनं न विचारता बँड सुरू केला, आणि या वेळी त्याला कुणी थांबवलं नाही.

वरात गेली. अंगण रिकामं झालं. हरिदास मोडक्या मांडवाजवळ बसला. घरात आता कमला नाही, हे त्याला आत्ता कुठे नीट कळत होतं. तेवढ्यात डहाळ्यांच्या ढिगाऱ्यातून पुन्हा आरा चालू झाल्याचा आवाज आला. गिरजाबाई दोन पावलं मागे सरली. सुकलूनं काठीनं पानं बाजूला केली. खाली बाज होती, बाजेवर दादाजी होता, अंगावर जांभळं होती, आणि त्याला गाढ झोप लागली होती. जागा झाल्यावर त्यानं पहिलं सांगितलं ते हे की आपण अजिबात घोरलो नाही.

वामनराव पुढे बरीच वर्षं सभांमधून शांततेत झालेल्या त्या लग्नाचं उदाहरण देत. त्यात अस्वलाचा उल्लेख कधी आला नाही. पण सुनेला माहेरी सोडायला म्हणून ते कोसमझरीला येतात, दुसऱ्या कुणाला पाठवत नाहीत. अंगणात आले की आधी आंब्याखाली उभे राहून फांदीकडे नीट पाहतात. हरिदासही त्यांच्याबरोबर वर पाहतो. काही नाही याची दोघांची खात्री झाली की मग बाजेवर बसतात आणि मोठमोठ्यानं बोलायला लागतात.